आईची दुसरी साक्ष

रविवारी आमच्या घरात मटण देवळाच्या आधी चढायचं. आई पहाटे उठून वाटण वाटायची, शेगडीवर पातेलं चढवायची, झाकणावर पाणी ठेवायची, निखाऱ्यांवर राख सारायची आणि मग आम्हाला न्हाऊ-माखू घालून चर्चमध्ये, आमच्या भाषेत देवळात, उपासनेला निघायची. आम्ही परत येईपर्यंत मटण आपलं आपण शिजलेलं असायचं. पाळकसाहेबांचा उपदेश लांबला की माझी धाकटी बहीण लेआ नाक वर करून माझ्या कानाशी 'करपलं गं, करपलं' म्हणायची. घर देवळापासून चांगलं लांब होतं, वास येणं शक्यच नव्हतं, पण आईच्या कानावर ते गेलं की ती बसल्या जागी घाबरीघुबरी व्हायची आणि आम्हा दोघींच्या मांडीला चिमटे बसायचे. गंगापूर रोडच्या त्या बाजूला तेव्हा द्राक्षबागा होत्या. आमच्या चाळीच्या मागच्या दारातून बागेतल्या पंपाचा भकभक आवाज दिवसभर यायचा, आणि तो बंद पडला की घर सुनं सुनं वाटायचं. आता तिथं टोलेजंग इमारती आहेत आणि माझ्या सुनेला तिथल्या एका दुकानातले पडदे आवडतात. मी रिक्षातून जाताना तिकडं बघत नाही.

बाबा शाळेत मास्तर होते आणि देवळात पेटी वाजवायचे. घरात ते फार बोलत नसत. बोलायचं ते सगळं पेटीतून बोलून टाकतात, असं आई म्हणायची. पाळकसाहेब म्हातारे, उंच, पांढऱ्या झग्यात आणखीच उंच दिसणारे. त्यांना मी लहानपणी थोडीशी देवाला भ्यावं तशीच भ्यायचे, पण माणूस मायाळू होता. कुणाच्या घरी मयत झाली की भाकरी बांधून पोहोचणारा पहिला माणूस तेच. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढं जे घडलं ते वाचून कुणी त्यांना ढोंगी म्हणेल, आणि ते मला खपायचं नाही.

मला खोकला नेमका कधी लागला ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की संध्याकाळ झाली की अंग कणकणायला लागायचं, रात्री घामानं उशी भिजायची, आणि माझं अगदी चिपाड झालं होतं. आधी अडुळशाचा काढा झाला, हळद-दूध झालं, छातीला ओवा शेकून झाला. मग एके सकाळी मी मोरीत खोकले आणि पदरानं तोंड पुसलं, तर पदरावर लाल ठिपका. मी तो पदर मुठीत गच्च धरून ठेवला. तरी आईनं मूठ उघडलीच. त्याच दिवशी ती मला गंगेपलीकडच्या, म्हणजे गोदावरीपलीकडच्या, सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, उजेडासमोर धरला आणि म्हणाले, टीबी आहे, बरी होईल, पण औषध दीड वर्ष घ्यायचं, मध्ये सोडायचं नाही. अगदी ठणठणीत वाटलं तरी सोडायचं नाही.

टीबी हा शब्द त्यानंतर आमच्या घरात कुणी उच्चारला नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी विचारलं तर 'छातीत जरा कफ झालाय' असं सांगायचं ठरलं. मी तेव्हा सोळा-सतरा वर्षांची. मुलीला टीबी झाला हे मंडळीत, म्हणजे देवळातल्या लोकांत, कळलं की तिच्यासाठी स्थळ यायचं बंद, हे काही कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आई दवाखान्यात जाताना हातात भाजीची पिशवी घ्यायची आणि येताना पंचवटीतल्या बाजारातून मेथी आणायची, म्हणजे वाटेत कुणी भेटलं तर भाजीला गेले होते म्हणायला मोकळी. त्या दीड वर्षात आमच्या घरानं इतकी मेथी खाल्ली की लेआ आजही मेथीच्या भाजीकडं पाहून तोंड फिरवते. मला मात्र रोज एक उकडलेलं अंडं मिळायचं आणि ते खाताना मी लेआला मुद्दाम दिसेल अशी बसायचे.

गोळ्या आई स्वतः द्यायची. सकाळी भाकरी खाऊन झाली की ती डब्यातली पुडी काढायची, गोळ्या तळहातावर घ्यायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, 'प्रभू, हे औषध माझ्या पोरीला लागू दे.' मग मी 'आमेन' म्हणायचं आणि गोळ्या गिळायच्या. आमेनच्या आधी गिळल्या तर ओरडा बसायचा. आईच्या मनात प्रार्थना आणि औषध यांचं कधी भांडण नव्हतं, हे नीट लक्षात घ्या. तिच्या हातावर दोन्ही एकाच वेळी असायचं.

मला निम्म्याहून जास्त औषध होऊन गेलं होतं, तेव्हाची गोष्ट. एका सोमवारी आम्ही दवाखान्यात छातीच्या रोग्यांच्या बाकावर बसलो होतो, तर समोरून डोक्यावरून पदर ओढून रूथकाकू आली. ही आमच्याच मंडळीतली. माहेर हरसूलकडचं, नवरा ट्रकवर, महिन्यातले निम्मे दिवस बाहेर; घरात सासू आणि दोन लहान लेकरं. बाकावर जागा फक्त आमच्या शेजारीच होती, त्यामुळं तिला बसावंच लागलं.

"सलाम, मास्तरीणबाई," ती म्हणाली. "इकडं कुठं?"

"एस्तूला जरा सर्दी झालीय," आई म्हणाली. "तू गं?"

"माझी नणंद आलीय ना, तिला दाखवाया."

नणंद कुठंच दिसत नव्हती. आम्ही तिघी समोरच्या भिंतीकडं बघत बसलो. मग आतून नर्सनं खच्चून रूथकाकूचंच नाव पुकारलं. ती उठली, आत गेली, पुडी घेऊन बाहेर आली आणि 'येते' म्हणून निघून गेली. वाटेत आई म्हणाली, "आपण कुणाला बोलायचं नाही." पुढच्या आठवड्यापासून तिनं आमचा वार बदलून घेतला. सोमवारऐवजी गुरुवार. रूथकाकूला अवघडल्यासारखं नको व्हायला आणि आपल्यालाही नको. केवढीशी गोष्ट ती! पण सगळं घडलं ते त्या बदललेल्या वारावरून.

आता साक्षीविषयी सांगायला हवं. आमच्या देवळात उपासनेत एक वेळ साक्षीसाठी राखलेली असायची. ज्याला देवाचा काही अनुभव आला त्यानं उभं राहून मंडळीला सांगायचा. कुणाला नोकरी लागली, कुणाचा रुसलेला भाऊ घरी आला, कुणी आजारातून उठलं. आणि या साक्षीची एक रीत होती, कुठं लिहिलेली नाही, पण सगळ्यांना पाठ. साक्षीत डॉक्टरचं नाव घ्यायचं नाही. औषधाचं तर मुळीच नाही. मान देवाचा, त्यात वाटेकरी कशाला? आमच्या शिमोनमामांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, तर पोटाला टाके, कमरेत वाकलेले, काठी टेकत पुढं आले आणि म्हणाले, 'प्रभूनं मला एका रात्रीत बरं केलं.' आम्ही सगळ्यांनी आमेन म्हटलं. यात खोटं आहे असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. शेजाऱ्याविरुद्ध खोटं बोलू नये हे आम्हाला रविवारच्या शाळेत घोकून घेतलं होतं. देवाच्या बाजूनं थोडं कमी-जास्त बोललं तर चालतं का, हे मात्र कुणी शिकवलं नव्हतं.

आजही काही फार बदललंय असं समजू नका. आमच्या चर्चच्या ग्रुपवर रोज सकाळी साक्षी येतात. अमक्याची साखर प्रार्थनेनं उतरली, तमक्याची गाठ विरघळली. मी चष्मा लावून खाली लिहिते, 'देवाची स्तुती असो. गोळ्या चालू ठेवा.' सून म्हणते, "आई, लोकांना राग येतो." येऊ दे. माझा या बाबतीतला हट्ट कुठून आलाय ते तिला सांगून झालंय, आता सगळ्यांना सांगते.

थंडी पडायच्या बेतात कापणीचा सण आला. त्या दिवशी देऊळ अगदी बाजारासारखं दिसायचं. वेदीपुढं बाजरीची कणसं, हरसूलकडच्या नातेवाइकांनी पाठवलेली नागली, भोपळे, शेवग्याच्या शेंगा, आणि पाय बांधलेल्या कोंबड्या, त्या नेमक्या प्रार्थनेच्या वेळी कलकलाट करायच्या. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी माझा शेवटचा फोटो पाहून औषध बंद केलं होतं. आईचा आनंद काही घरात मावेना. साक्षीची वेळ झाली तशी ती उठली आणि म्हणाली, "माझी पोर आजारी होती. मी रोज प्रभूपुढं रडले. त्यानं माझं ऐकलं. आज माझी एस्तेर तुमच्यापुढं बसलीय ती त्याच्या कृपेनं." एवढंच बोलली. शब्द न् शब्द खरा होता. रडू आलं म्हणून ती लगेच खाली बसली, आणि अर्धी मंडळी डोळे पुसायला लागली.

मग पाळकसाहेब उपदेशाला उभे राहिले. त्यांचाही ऊर भरून आलेला. माझ्याकडं बोट करून म्हणाले, "पाहा ही मुलगी! ना डॉक्टर, ना औषध! फक्त आईचे टेकलेले गुडघे आणि प्रभूचा हात!" आमेनचा एकच गजर झाला. आई माझ्याकडं वळली, काही बोलेल असं वाटलं, पण तोवर बाबांनी गीताचा सूर धरला होता आणि सगळे उभे राहिले होते. घरी जाताना ती एवढंच म्हणाली, "साहेबांनी जरा जास्तच सांगितलं." बाबा म्हणाले, "जाऊ दे. सणाचा दिवस आहे."

पुढं नाताळची तयारी सुरू झाली, करंज्यांसाठी खोबरं किसणं आलं, आणि विषय मागं पडला. आणि मग तो रविवार उजाडला. उपदेशाच्या आधी पाळकसाहेबांनी झग्याच्या खिशातून एक पांढरी पुडी काढली आणि वर धरली. "बंधूंनो आणि भगिनींनो, मागच्या रविवारी दानाच्या थैलीत हे निघालं. औषधाच्या गोळ्या! आपल्यातल्या कुणीतरी आपलं औषध प्रभूला अर्पण केलं. नाव मला माहीत नाही, प्रभूला माहीत आहे. विश्वास म्हणतात तो असा!" आणि ती पुडी त्यांनी वेदीजवळच्या टेबलावर सगळ्यांना दिसेल अशी ठेवली.

ती पुडी आईनं लांबून ओळखली. मीही ओळखली. कोपरा आत दुमडायची त्या दवाखान्याची एक ढब होती. तसल्या पुड्या दीड वर्ष आमच्या डब्यात होत्या. आईनं मान वळवून बायकांच्या बाजूला पाहिलं. पलीकडच्या रांगेत रूथकाकू बसली होती. गालफडं बसलेली, पण तोंडावर असा उजेड, की जणू तिचं आजच लग्न आहे.

त्या दिवशी मटण करपलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. ताटं न वाढताच आई मला घेऊन रूथकाकूच्या घरी गेली. काकू चुलीपाशी बसून भाकरी थापत होती, सासू लेकरांना घेऊन बाहेर गेलेली. आई उंबऱ्यातच उभी राहून म्हणाली, "रूथ, थैलीत गोळ्या तू टाकल्यास ना?"

काकू हसली. "तुमाला बरं कळलं! मी कुणालाच सांगितलं नाय."

"का टाकल्यास गं बाई?"

"का म्हंजे? वाट तुमीच दावली की. तुमी सोमवारी दवाखान्यात दिसल्या, मग एकदम यायच्याच बंद झाल्या. मला वाटलं, मास्तरीणबाईंनी औषध सोडलं, आता पोरीचं काय व्हायचं. आन् मग सणाला तुमी उभ्या राहून सांगितलं. साहेब बी म्हणाले, ना डॉक्टर, ना औषध. तवा माझ्या डोक्यात उजेड पडला, आन् तवापास्नं गोळी खाल्ली नाय. एस्तूला झालं ते मला न व्हाया काय झालं?"

आई आत येऊन चुलीपाशी जमिनीवर बसली. "अगं, आम्ही गुरुवारी जात होतो. तुला चुकवायला म्हणून वार बदलला मी. हिनं शेवटपर्यंत गोळ्या खाल्ल्यात, रूथ. डॉक्टरांनी बंद करा म्हटलं तेव्हा बंद केल्या. विचार हिला."

मी मान डोलावली. काकूनं माझ्याकडं पाहिलं, मग आईकडं पाहिलं, आणि तव्यावरची भाकरी उलटली.

"मास्तरीणबाई," ती म्हणाली, "देवळात तुमी येक सांगितलं. देवाच्या पुढ्यात, समद्यांच्या देखत. आन् आता माझ्या चुलीपाशी बसून हळू आवाजात दुसरं सांगताय. म्या कोणतं खरं धरावं? मला तर वाटतं माझी परीक्षा चाललीय. सैतान तुमच्या तोंडानं बोलतोय."

आणि तिला खोकला आला. तिनं पदर तोंडाला लावला, आणि लावलेला पदर मुठीत गच्च धरून पाठीमागं घेतला. त्या मुठीत काय आहे हे मला बघायची गरज नव्हती.

संध्याकाळी आई-बाबा पाळकसाहेबांकडं गेले. मी पाठोपाठ गेले, मला कुणी ये म्हटलं नव्हतं पण जा असंही म्हटलं नाही. सगळं ऐकून साहेब खुर्चीत मागं टेकले, त्यांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, मी रूथला एकांतात समजावतो.

"एकांतात मी समजावून आलेय," आई म्हणाली. "एकांतातलं तिला सैतानाचं वाटतं. मी देवळात बोलले, तर आता देवळातच बोलायला हवं."

"सलोमीबाई, साक्ष परत घ्यायची आपल्यात रीत नाही. लोकांचा विश्वास नाजूक असतो. उद्या लोक म्हणतील, सगळ्याच साक्षी अशा. कितीतरी जण डळमळतील."

"मी परत घेत नाही, साहेब. अर्धी दिली होती, ती पुरी करते. आणि खरं ऐकून जो विश्वास मोडतो, तो मोडलेलाच बरा."

"आणि मी? मी व्यासपीठावरून जे बोललो?"

"ते तुमचं तुम्ही बघा," आई म्हणाली. बाबांनी घसा खाकरला. पाळकसाहेबांशी या शब्दांत बोललेलं मी त्याआधी कुणाला ऐकलं नव्हतं. साहेबांनी प्रार्थना करून आम्हाला निरोप दिला, पण हो काही म्हणाले नाहीत.

घरी आल्यावर बाबांचा बांध फुटला. नगरकडचं एक स्थळ माझ्यासाठी आलं होतं, नाताळानंतर मुलाकडचे बघायला येणार होते. "सगळ्या मंडळीपुढं पोरीला टीबी होता म्हणून सांगणार? हिच्या जन्माचं काय करशील? घरी जाऊन सांगितलंस ना तिला? तुझं काम झालं!" आई भांडी घासत होती, आणि भांड्यांचा आवाज असा येत होता की शेजारीण डोकावून गेली.

त्या आठवड्यात आई दोनदा रूथकाकूकडं जाऊन आली. दुसऱ्या खेपेला सासूनं दारातूनच परत पाठवलं, 'आमच्या सुनेचा विश्वास मोडू नका' म्हणून. साहेबही जाऊन आले म्हणे, पण काकूनं त्यांना उलट विचारलं, 'तुमीच म्हणालात ना?' शनिवारी सकाळी मी आणि आई करंज्या भरत बसलो होतो. आईनं हातातली पारी खाली ठेवली.

"एस्तू, आजार तुझा होता. तू नको म्हणालीस तर मी बोलणार नाही."

खरं सांगते, मला भयंकर राग आला. त्या नगरच्या मुलाचा फोटो मी चोरून पाहिला होता. भांग पाडलेला, हसरा, मला आवडला होता. मी कुणाचं काय वाकडं केलं होतं? मी मुकाट गोळ्या गिळल्या, मेथी खाल्ली, बरी झाले, आणि आता पुन्हा सगळ्यांपुढं माझी छाती उघडी करायची!

"आणि तू नाही बोललीस तर?" मी विचारलं. "रूथकाकूचं काय होईल?"

"मरेल ती," आई म्हणाली.

"मग मला विचारतेस कशाला!" मी ओरडले. आईनं पिठाच्या हातानंच मला जवळ ओढलं, आणि आम्ही दोघी त्या करंज्यांवर रडलो.

रविवारी साक्षीची वेळ आली. साहेबांनी विचारलं, "कुणी साक्ष देणार आहे का?" आई उठली. मीही तिच्या बाजूला उठले. साहेबांनी क्षणभर डोळे मिटले. मग अगदी हळू म्हणाले, "सलोमीबाई, बसा. मास्तर, गीत घ्या."

बाबांनी भाता ओढला. पेटीतून सूर निघाला, लांब, एकच. सगळे गीताची पुस्तकं उघडायला लागले. मी बाबांकडं बघत होते आणि मनात म्हणत होते, नको ना बाबा, नको ना. आणि तो सूर विझला. बाबांनी भाता मिटला, त्याची कडी लावली आणि बसल्या जागेवरून म्हणाले, "साहेब, तिला बोलू द्या." इतक्या वर्षांत देवळात त्यांच्या तोंडून गीताखेरीज शब्द फुटला नव्हता.

आई बोलली. आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचत होता. "सणाच्या दिवशी मी साक्ष दिली. ती अपुरी होती. माझ्या पोरीला टीबी होता. तिला आम्ही सरकारी दवाखान्यात नेलं. तिला सुया टोचल्या, दीड वर्ष गोळ्या दिल्या. त्या गोळ्या मी हातावर घेऊन रोज प्रार्थना केली. ते औषध प्रभूनंच दिलं असं मी मानते. पण मी औषध लपवलं. रीत म्हणून लपवलं आणि लाजेनं लपवलं. साहेब औषधाविना म्हणाले तेव्हाही मी गप्प बसले. माझ्या गप्प बसण्यानं जर कुणी औषध सोडलं असेल, तर मी तिच्या पाया पडते, तिनं ते परत सुरू करावं."

आणि मग बायकांच्या बाजूनं रूथकाकूचा आवाज आला. बसल्या बसल्याच तिनं विचारलं, आईला नव्हे, मला.

"एस्तू, खरंच खाल्ल्या तू?"

"हो काकू."

"रोज?"

"रोज. आमेन म्हणून."

"बरं वाटाया लागलं तवा बी?"

"तेव्हाही. आई सोडूच द्यायची नाही."

काकू उठली. ती उठली तशी सगळ्यांना कळलं की थैलीत गोळ्या टाकणारी कोण, आणि तिला काय झालंय. पुढच्या बाकावरच्या बायकांनी पदर नाकाला लावले, एकीनं तर आपलं लेकरू उचलून पलीकडं सरकवलं. मी ते पाहिलं आणि त्यातल्या प्रत्येकीचं तोंड मला आजही आठवतं. काकू मधल्या वाटेनं चालत वेदीजवळच्या टेबलापर्यंत गेली; पुडी आठवडाभर तिथंच होती.

पुढचं आधी सांगून टाकते, कारण मला शेवटी दुसरंच सांगायचंय. नगरचं स्थळ अर्थातच मोडलं. आईला महिला मंडळात दोन वर्षं कुणी कामाला बोलावलं नाही, आणि तिनंही कुणाची मनधरणी केली नाही. माझं लग्न उशिरा झालं, पण ज्याच्याशी झालं तो पहिल्याच भेटीत म्हणाला, 'देवळात आईसोबत उभी राहिलेली ती तूच ना?' आणि मग त्याला बाकी काही विचारायचं नव्हतं. माणूस सोन्यासारखा निघाला. रूथकाकूचं औषध पहिल्यापासून सुरू करावं लागलं. दर सोमवारी आई तिच्यासोबत दवाखान्यात जायची, भाजीची पिशवी न घेता. ती बरी झाली, नातवंडं मांडीवर खेळवली, आणि म्हातारपणी माझ्याकडं आली की विड्या ओढायची आणि मी ओरडले की हसायची.

तर काकू टेबलापाशी गेली. पुडी उचलली, उघडली, त्यातल्या गोळ्या हातावर घेतल्या आणि तिथंच उभी राहिली. "आत्ताच खाते, साहेब," ती म्हणाली. "घरी जाईतो पुन्हा भ्याले तर?" पण कोरड्या घशाला गोळ्या गिळवेनात. तिनं आजूबाजूला पाहिलं. पाणी आणायला कुणी उठलं नाही.

व्यासपीठावर साहेबांसाठी पाण्याचा पेला झाकून ठेवलेला असायचा. त्यांनी वरची बशी काढली, पेला उचलला आणि पायऱ्या उतरून खाली आले. "औषधाविना असं मी म्हणालो होतो," ते मंडळीला म्हणाले. "मला ठाऊक नव्हतं, आणि तरी मी म्हणालो. तेही देवाचं नाव घेऊन." मग त्यांनी पेला काकूपुढं धरला.

काकू मागं सरली. "साहेब, हा तुमचा पेला. मला ह्यो आजार..."

"प्या," साहेब म्हणाले.

ती प्यायली. वरून न ओतता, तोंड लावूनच प्यायली. साहेबांनी पेला परत घेतला. मग पुढच्या बाकावरच्या त्या पदर लावलेल्या बायकांकडं तोंड करून ते उभे राहिले, आणि पेल्यात उरलेलं पाणी सगळ्यांच्या देखत पिऊन टाकलं.